मागच्या भिंतीतलं दार

१

घराचा नकाशा मी स्वतः काढला. तेहेतीस वर्षं नकाशा कार्यालयात दुसऱ्यांच्या जमिनी आणि दुसऱ्यांच्या भिंती कागदावर उतरवल्या. आता स्वतःच्या घरासाठी बाहेरचा माणूस बोलावला असता तर माझ्या हातांनी मला माफ केलं नसतं. ऑफिसात मला 'काटकोन' म्हणायचे. तोंडावर नाही, पण मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

घर जुनं, बैठं, चार खोल्यांचं. पुढे छोटं अंगण, मागे बरीच मोकळी जागा आणि त्या जागेच्या टोकाला गल्लीत उघडणारं लोखंडी फाटक. आधीच्या मालकांनी बरीच वर्षं कुलूप लावून ठेवलेलं. ओल, वाळवी, फुटकी कौलं, सगळं डोळे उघडे ठेवून पाहिलं आणि मग घेतलं. तीन दिवस टेप घेऊन मापं काढली, चौथ्या दिवशी ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशा उतरवला आणि मिस्त्रींच्या हातात दिला.

मिस्त्री म्हणजे आमचे गवंडी. साठीला आलेले, बोलायला कमी, प्रत्येक भिंत आधी बोटांनी टकटक करून ऐकणारे. नकाशा धरून ते सगळं घर फिरले आणि मागच्या खोलीतून त्यांनी मला हाक मारली.

"ताई, हे दार नवीन पाडायचंय का?"

"कुठलं दार?"

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. मागची खोली, तिची बागेकडची भिंत, आणि त्या भिंतीत बरोबर मधोमध एक दार. मी समोर पाहिलं. कोरी भिंत. खिडकीसुद्धा नाही.

रेघ माझीच होती, माझ्याच पेनाची. घाईत हात चालला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण एक गोष्ट काही केल्या गळी उतरेना. नकाशात दार दाखवताना त्याच्यापुढे पाव वर्तुळाची रेघ काढतात. दार कोणत्या बाजूला उघडतं ते तिच्यावरून कळतं. घराचं बाहेरचं दार आत उघडतं, हे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझी रेघ बागेच्या बाजूला होती. हे दार बाहेर उघडत होतं.

"चुकून पडलंय," मी म्हणाले आणि तिथल्या तिथे ब्लेडने शाई खरवडून काढली.

"ताईंची चूक? तारीख लिहून ठेवायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले.

एरवी मी हसले असते.

२

हे घर मी का घेतलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल.

बाबा गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. घर दादाच्या नावावर झालं आणि मी त्या घरात राहिले. कशी राहिले? पॅसेजमध्ये. घडीची कॉट रात्री उघडायची, सकाळी सहाच्या आत मिटून कपाटामागे सरकवायची. बावीस वर्षं. कुणी छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वहिनींना अर्धशिशीचा त्रास होता, एवढंच. "वन्सं, दार जरा हळू लावत जा हं," त्या अगदी गोड आवाजात म्हणायच्या.

मग मी एक युक्ती शिकले. दार ओढून घेताना चौकट आणि फळी यांच्यामध्ये आपला तळहात ठेवायचा. लाकूड हातावर येतं, आवाज होत नाही. मग हात अलगद काढून घ्यायचा. बावीस वर्षांत मी त्या घरात एकदाही दार वाजवलं नाही. माझ्या डाव्या तळहाताच्या कडेला अजून घट्टा आहे.

रिटायर झाले आणि दुसऱ्या महिन्यात हे घर घेतलं. तेव्हापासून दादाचा रोज चारला फोन. त्याची चहाची वेळ.

"झाली का हौस? एकटी बाई एवढ्या पडक्या घरात काय करणार आहेस? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, देऊन टाक आणि ये परत. अगं, तुझी कॉट अजून तिथेच आहे."

दादा हे प्रेमाने म्हणायचा. म्हणूनच त्या कॉटची मला धडकी भरायची. हे घर सुटलं तर माझ्यासाठी जगात तेवढी एकच जागा होती, अडीच फूट रुंद, आणि तीही सकाळी मिटायची.

३

आत मिस्त्रींचं काम चालू असताना मागच्या जागेचं काम मावशींकडे दिलं. मावशी म्हणजे चार गल्ल्यांमधल्या बागा सांभाळणारी बाई. विळा कमरेला, तोंडाचा पट्टा दिवसभर सुरू. त्यांनी डबर उचललं, तण काढलं, लाल माती पसरली आणि सबंध जागेत हिरवळ लावली. "महिनाभर पाय ठेवायचा नाही हं ताई," त्यांनी बजावलं. "गवताला लहान बाळासारखं जपायचं."

मी ठेवला नाही. मिस्त्रींनाही ठेवू दिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात हिरवळ छान धरली, आणि तिच्यात एक रेघ दिसायला लागली. मागच्या भिंतीपासून फाटकापर्यंत, वीतभर रुंद, गवत चेपलेलं. पायवाट पडते तशी.

"कोण चाललं होतं?" मावशींनी कमरेवर हात ठेवून मलाच विचारलं.

"मांजर असेल."

"मांजराला एवढे मोठे पाय?"

खालून जुना पाइप जात असेल, मी म्हटलं. माती खचली असेल. मिस्त्रींनी एका जागी हातभर खणून पाहिलं, पाइप नव्हता. फाटकाला मी नवीन कुलूप लावलं. रेघ रोज थोडी ठळक होत गेली. पायवाटेचं मला एक वेळ समजलं असतं, पण ती जात होती कुठे? पायवाट दाराला जाते. ही कोऱ्या भिंतीला जाऊन भिडत होती.

आणि मग भिंतीच्या पायथ्याशी मला ते दिसलं. तिथलं गवत घासून घासून पिवळं पडलं होतं, आणि तो पिवळा भाग आखून काढल्यासारखा होता. मी टेप लावली. तीन फुटांची त्रिज्या, बरोबर पाव वर्तुळ. दाराची फळी रोज उघडून रोज जमिनीला घासली तर जसं होईल, तसं.

त्या दुपारी मी स्वयंपाकघराच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले. दोन वाजले, तीन वाजले. ऊन लख्ख होतं, वारा नव्हता. चारला फोन वाजला, दादाच. मी आत वळून फोन उचलला, "नंतर बोलते" म्हणाले आणि परत फिरले. एवढ्यात काय होणार?

पायवाटेवरचं गवत उठत होतं. भिंतीजवळचं जवळजवळ सरळ झालं होतं, फाटकाजवळचं अजून पुरतं आडवं होतं. मी फोन हातात धरून पाहत राहिले, शेवटचं पातं जमेल तेवढं वर येईपर्यंत.

४

आता सांगते, मी घाबरले. पण भीतीच्या मागोमाग आला तो संताप. बावीस वर्षं लोकांच्या घरात पावलं न वाजवता चालले, आणि आता माझ्या घरात, माझ्या गवतावरून, मला न विचारता कोणीतरी यायचं? हे चालणार नव्हतं.

"मावशी, काटेरी काय असेल ते आणा."

"बोगनवेल लावू? दिसतेही छान."

"दिसायला नको. टोचायला हवी."

भिंतीलगत बोगनवेलीची सहा मोठी, वाढलेली झाडं लावली, एकमेकांत अडकवून. त्यांच्यापुढे मिस्त्रींकडून सिमेंटचा बाक बांधून घेतला, जमिनीत दीड फूट रुतवून. बरोबर त्या पाव वर्तुळावर. काम संपलं तेव्हा मी बाकावर बसले आणि पाठीमागच्या भिंतीला मोठ्याने म्हणाले, "पुढच्या दाराने ये. बेल वाजव. नाव सांग."

दुसऱ्या दिवशी गवत हललं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यात पायवाट बुजली. मी दादाला फोनवर सांगितलं, की बाग झकास झाली आहे, गिऱ्हाइकाला म्हणावं दुसरीकडे बघ. त्या दिवशी मी दोन वेळा चहा घेतला आणि कप विसळलेसुद्धा नाहीत. माझे कप होते.

फक्त मागची खोली जरा कोंदट वाटायला लागली. मिस्त्रींनी तिला बाजूच्या भिंतीत मोठी खिडकी पाडून दिली होती, ती मी सताड उघडी ठेवायची. तरी आत गेलं की हवा गरम लागायची, बराच वेळ माणसं बसून गेल्यावर लागते तशी. माझं ड्रॉइंगचं टेबल भिंतीपासून एक फुटावर मापून ठेवलेलं. सकाळी ते चार इंच पुढे आलेलं असायचं. परत ढकललं की परत पुढे. फरशीला उतार असेल. मी लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा मधोमध.

बोगनवेल लावल्याच्या सोळाव्या दिवशी मिस्त्री त्या खोलीला रंगाचा शेवटचा हात द्यायला आले. खांद्यावर शिडी आडवी धरून ते दारातून आत शिरले आणि म्हणाले, "जरा सरका."

मी त्यांच्या मागे होते. खोलीत कुणी नव्हतं.

त्यांनी शिडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. "सवय असते ताई," ते म्हणाले. "गर्दीत काम करायची." आणि बादली बाहेर विसरली म्हणून जे गेले, ते त्या दिवशी परत आत आले नाहीत.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गवत कापायला आल्या. मी बाकावर बसले होते. खोलीकडे पाठ होती आणि पाठीला भिंतीची ऊब जाणवत होती, सकाळी आठला, सावलीत.

"बरं झालं ती वाट बुजली," मावशी विळा चालवत म्हणाल्या. "पण एक सांगू का ताई? तुम्ही ही काट्याची झाडं उलट्या बाजूला लावलीत."

"म्हणजे?"

"गवत चालणाऱ्याच्या पुढे निजतं. पाऊल पडतं, तशी पाती पुढे झोपतात. इथली सगळी पाती फाटकाकडे झोपलेली असायची. मी रोज बघत होते ना." त्यांनी हाताने हवेत भिंतीपासून फाटकापर्यंत रेघ ओढली. "इकडून कुणी येत नव्हतं. जात होतं."

मला ब्लेडने खरवडलेलं ते पाव वर्तुळ आठवलं. बाहेर उघडणारं.

"आणि येताना?" मी विचारलं. "परत येतानाची पाती?"

मावशींनी विळा थांबवला आणि विचार केला. "नाही बाई. येतानाचं एकही पाऊल नव्हतं."

रोज चारला कुणीतरी या घरातून बाहेर जात होतं, आणि आत कुणीच येत नव्हतं. म्हणजे रोज जाणारा वेगळा. आणि मी सतरा दिवस, बोगनवेल, बाक आणि दीड फूट सिमेंट लावून, त्यांना आत कोंडून ठेवलं होतं. माझ्याबरोबर.

त्या दिवशी मी दादाला स्वतःहून फोन केला. घाबरल्यावर माणूस ओळखीच्या नंबराला फोन करतो.

"ये निघून," तो म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं, फक्त माझा आवाज ऐकला होता त्याने. "उद्या टेम्पो घेऊन येतो. तुझं सामान आहेच किती! हिने कॉटसुद्धा पुसून ठेवली आहे."

कॉट पुसून ठेवली आहे. त्या एका वाक्याने मी ताळ्यावर आले.

"टेम्पो नको," मी म्हणाले. "माझं काम चालू आहे."

"कसलं काम?"

"दाराचं."

फोन ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. पाऊल टाकताना मी नकळत अंग चोरलं, आणि ते लक्षात आल्यावर मुद्दाम ताठ चालत टेबलापर्यंत पोहोचले. नवा ट्रेसिंग पेपर लावला. माझ्या मानेवर आणि दोन्ही खांद्यांशी हवा गरम होती, बरेच जण वाकून कागदाकडे पाहत असल्यासारखी. रेघ सरळ आली. भिंतीच्या मधोमध दार. पाव वर्तुळ, बागेच्या बाजूला. खाली माझी सही आणि तारीख. यावेळी चुकून नव्हे.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बोगनवेल उपटली, शिव्या देत. दोघा माणसांनी घणाने बाक फोडला. मिस्त्रींनी भिंतीवर टकटक केली, एका जागी थांबले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या नकाशाचं चुकलं नव्हतं."

गिलाव्याखाली जुनी सागवानी चौकट होती, जशीच्या तशी, मधे विटा भरलेली. बिजागऱ्यांच्या खाचा बाहेरच्या बाजूला. विटा निघाल्या तेव्हा खालचा उंबरठा दिसला. त्याचं लाकूड मधोमध झिजून खोलगट झालं होतं. एवढं झिजायला किती पावलं लागतात याचा मी हिशोब केला नाही.

जुन्या लाकडांच्या वखारीतून मापाची फळी आणली होती; रंधा मारून, कडी लावून ती साडेतीनला बसली. मिस्त्री चहाला थांबले नाहीत. मावशीही त्यांच्याबरोबर निघाल्या. जाताना म्हणाल्या, "ताई, चला ना माझ्याकडे तासभर."

"तुम्ही जा. मला बघायचंय."

खोलीच्या आतल्या दाराशी खुर्ची टाकून मी बसले. समोर नवं दार, कडी लावलेली. खोली इतकी गरम होती की पाठीवरून घाम ओघळत होता. मधे कुठेतरी कापडाला कापड घासल्याचा आवाज होत होता, रांगेत माणसं पुढे सरकतात तेव्हा होतो तसा. बोलण्याचा आवाज मुळीच नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. एवढी माणसं, आणि कुणी खोकतसुद्धा नाही.

चार वाजले. कडी हळूच उचलली गेली आणि दार बाहेर उघडलं. ऊन आत आलं. फळीची खालची कड गवताला घासत गेली आणि पाव वर्तुळ काढून थांबली.

माझ्या गालाजवळून गरम हवा पुढे सरकली. बाहेर गवतावर एक पाऊल दबलं, मग दुसरं, मग पुढचं, फाटकापर्यंत. मग दुसऱ्याची पावलं. मग तिसऱ्याची. घाई नाही, धक्काबुक्की नाही. मी मोजत होते. मोजणं थांबवलं असतं तर किंचाळले असते. वाट रुंद होत गेली, अर्ध्या बागेत गवत आडवं झालं. दहा. चौदा. सतरा. सतरा दिवसांचे सतरा, आणि आजचा एक. अठरा.

अठरावा उंबरठ्यावर थांबला. खोली एकदम गार झाली होती. दार हळूहळू ओढलं जायला लागलं, बाहेरून. उजेडाची पट्टी बारीक होत गेली, चार बोटं, तीन बोटं, आणि मग त्या फटीत मला हात दिसला.

फक्त हात. करडा, म्हातारा, नखं नीट कापलेली. चौकट आणि फळी यांच्यामध्ये तळहात धरलेला. लाकूड त्याच्यावर येऊन टेकलं, जराही आवाज झाला नाही, आणि मग तो हात अलगद, बोटाबोटाने, बाहेर निघून गेला.

तो हात कुणाचा ते मला माहीत नाही. पण तो असं दार का लावतो, ते माझ्याइतकं कुणाला कळणार? ज्याला बजावून ठेवलेलं असतं, तोच दार असं लावतो. मला रडं फुटलं. रडता रडता मला इतका राग आला, की मी खुर्ची ढकलून उठले आणि बंद दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

"आपटा!" मी ओरडले. "जायचं तर दार आपटून जा! या घरात कुणाचंही डोकं दुखत नाही!"

बाहेर गवत उठत होतं. मी कडी लावली आणि चहा टाकला.

७

घरात अजून किती आहेत, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत टेबलाशी बसले तेव्हा मानेवर परत थोडी ऊब होती, एकाच माणसाची. मी कागदावरून नजर उचलली नाही. रोज एक जातो. कधीतरी शेवटचा जाईल. मला घाई नाही, मी कुठेही निघालेली नाही.

चारला फोन वाजला.

"हे बघ," दादा म्हणाला, "गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? मी आजच टेम्पोवाल्याला सांगतो. तू फक्त हो म्हण."

माझ्या पाठीमागे कडी उचलल्याचा आवाज झाला. गवताला लाकूड घासलं. मी वळले नाही. माझा डावा हात टेबलावर होता. मी तळहाताचा घट्टा अंगठ्याने दाबून धरला आणि वाट पाहिली.

दार धाडकन आपटलं. खिडकीच्या काचा थरारल्या, चौकटीवरून सिमेंटची भुकटी झडली, टेबलावरचं पेन गडगडत खाली पडलं. बावीस वर्षांत माझ्या कानांवर इतका मोठा, इतका मोकळा आवाज पडला नव्हता.

फोनवर दादा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, काय झालं? कोण गेलं?"

"मी नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.